दुसरं तळण

कोंबडी कच्ची तळणारा माणूस एक तर आळशी असतो नाही तर घाईत असतो, असं कारभारी देवरे यांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी कधी मनात ठेवलं नव्हतं. नाशकात द्वारकेकडून आडगावला जाणाऱ्या रस्त्याला त्यांची खानावळ होती. तिथे कोंबडी आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजायची. तिचं अळणी पाणी गिऱ्हाइकाला पेल्यातून प्यायला मिळायचं. मग ते तुकडे बेसन आणि तांदळाच्या पिठात, काळ्या मसाल्यासकट घोळून कढईत उतरायचे. आग्रा रोडचे ट्रकवाले त्यासाठी मुद्दाम गाडी थांबवायचे, आणि कारभारी कढईपाशी झारा धरून असे उभे राहायचे, की वाटावं आता हा माणूस भाषण करणार.

ही रीत त्यांची नव्हती, त्यांच्या आईची होती. त्यांच्या गावी, नामपूरला, गावठी कोंबडी नुसती तळली असती तर खाणाऱ्याचे दात हातात आले असते, म्हणून ती आधी शिजवायची. पुढे नाशकात बॉयलर कोंबडी आली, फुंकर मारली तरी शिजेल इतकी मऊ. कारभारींनी कोंबडी बदलली, रीत बदलली नाही. बॉयलर आधी शिजवून मग तळली की आतून थोडी कोरडी होते हे त्यांना कळत होतं, पण ते कबूल करायला आई हयात नव्हती आणि दुसऱ्या कोणापुढे कबूल करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

दोन हजार सात सालच्या त्या रविवारी मात्र झारा हातात असूनही त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मोहिनी येणार होती. एकुलती एक मुलगी, शिकून इंजिनियर झालेली, पुण्याजवळच्या एका कोरियन कंपनीत नोकरीला. तिच्याबरोबर तेजून नावाचा मुलगा येणार होता, तिच्याच कंपनीतला, थेट कोरियाचा. मोहिनीने फोनवर आडपडदा ठेवला नव्हता. लग्न केलं तर याच्याशीच करीन, पण नाना, तुम्ही हो म्हणाल तेव्हा, असं तिने सांगितलं होतं. भांडली असती तर कारभारींना सोपं गेलं असतं. तिने सगळा भार बापाच्या डोक्यावर ठेवला आणि फोन ठेवून दिला. कारभारी तेवढं 'येऊ दे, बघू' म्हणाले होते. त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे नाहीच, हे मोहिनीला लहानपणापासून पाठ होतं.

खानावळीच्या मागे घर आणि मध्ये अंगण होतं. अंगणात मंगलाबाईंच्या गावठी कोंबड्या होत्या. नवरा हॉटेलवाला, दारात रोज बॉयलरची पाटी उतरते, तरी ही बाई कोंबड्या पाळते म्हणून शेजारणी हसायच्या. त्यांना कारण माहीत नव्हतं असं नाही. देवऱ्यांच्यात जावयाला दारची कोंबडी कापायची रीत होती. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला विकतची चालते. जावयाला मात्र घरच्या खुराड्यातली हवी, अंडी घालणारी, कापताना घरच्या बाईला वाईट वाटेल अशी. कोणती कोंबडी कापली यावरून आलेला माणूस कोण, ते अख्ख्या गल्लीला कळायचं.

त्या सकाळी कोंबड्या सोडायच्या आधीच कारभारींनी बायकोला गाठलं.

"आज दारच्या कोंबडीला हात लावायचा नाय," ते म्हणाले. "तो पाहुणा हाय. पाहुण्यासारखा जेवंल आणि जाईल."

 मंगलाबाईंनी खुराड्याची फळी काढली आणि कोंबड्या फडफडत बाहेर पडल्या. थोड्या वेळाने कारभारी पाण्याची बादली न्यायला आले तेव्हा कोपऱ्यात बांबूचं डालगं पालथं घातलेलं, वर दगड ठेवलेला, आणि आतून लाल कोंबडीची कुरकुर चाललेली. तिला का डालून ठेवलंय, असं त्यांनी विचारलं.

"खुडूक शे ती," मंगलाबाई म्हणाल्या.

खुडूक झालेली कोंबडी अंडी देणं सोडून नुसती बसून राहते, म्हणून तिला चार दिवस डालून ठेवावं लागतं. कारभारींनी मान हलवली. मंगलाबाई एरवी सगळ्यांसारखं बोलत, पण रागावल्या किंवा मायेने भरून आल्या की नामपूरच्या अहिराणीवर येत. आज राग असणार, असा हिशेब कारभारींनी केला आणि ते कढईकडे गेले. संसाराला इतकी वर्षं झाली तरी बायकोच्या बाबतीत त्यांचे हिशेब चुकायचे.

मेहुण्याला, भाऊबंदांना त्यांनी नकाराची कारणं सांगून ठेवली होती. त्याची भाषा वेगळी, देव वेगळा, लोक काय म्हणतील. ही कारणं सांगायला बरी होती. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि ते त्यांना झोपू देत नव्हतं. पोरगी समुद्रापल्याड गेली आणि एखाद्या दिवशी तिला रडू आलं, तर 'काय झालं गं' असं विचारणारं तिथं कोण? हा मुलगा साहेब, थंड खोलीत बसून काम करणारा. त्याला दुसऱ्याचं दुखणं कुठून कळणार? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं कारभारींनी त्या न पाहिलेल्या मुलाला मनातल्या मनात पुरता निर्दय करून टाकला होता.

दोघं आली ती बाराच्या सुमारास. तेजून उंच, सडपातळ, पांढरा शर्ट घातलेला. त्याने दारातच कमरेत वाकून नमस्कार केला, मग मोहिनीने शिकवलं होतं ते आठवून पाया पडायला आणखी खाली वाकला. कारभारी त्याला उठवायला वाकले आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटता आपटता राहिली. वाल्मीक, खानावळीतला त्यांचा जुना माणूस, तोंड फिरवून हसला. तेजूनने एक डबा दोन्ही हातांनी पुढे केला. त्याच्या आईने घरी केलेला मिरचीचा गोळा आहे, असं मोहिनीने सांगितलं. कारभारींनी डबा घेतला, बसा म्हणाले आणि भट्टी पेटलीय असं सांगून आत सटकले.

पाहुण्याला आधी अळणी पाणी गेलं. तेजूनने पेला दोन्ही हातांत धरून संपवला आणि आणखी मागितलं. कारखान्यातल्या कामगारांकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तो मंगलाबाईंना म्हणाला, की त्याच्याकडेही अख्खी कोंबडी शिजवून तिचं पाणी पितात, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. उन्हाळ्यात कोंबडीचा रस्सा पिणारी माणसं आपल्याशिवाय आणखी कुठे आहेत, याचं आत उभ्या कारभारींना नवल वाटलं. त्यांनी ते दाखवलं नाही. पण दाखवायला वेळही मिळाला नाही, कारण तेजून पेला खाली ठेवून सरळ भटारखान्यात आला आणि कढईजवळ उभा राहिला.

भट्टीजवळ उकडत होतं. त्याने बाह्या वर सारल्या. कारभारींची नजर त्याच्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली. मनगटापासून कोपरापर्यंत फिकट पांढरे ठिपके होते, जुने, बुजलेले. तसेच ठिपके कारभारींच्या हातांवर होते. ते कशाचे असतात हे जगात कोणाला माहीत नसलं तरी तळणाऱ्याला माहीत असतं.

मोहिनी दारात उभी होती. तिला त्यांनी विचारलं, हे कसलं?

तिने सांगितलं ते असं. सत्त्याण्णव साली त्यांच्या देशात मोठी मंदी आली. भल्या भल्या कंपन्या बुडाल्या, हजारो माणसं एका रात्रीत घरी बसली. तेजूनच्या वडिलांचीही नोकरी गेली. तेव्हा त्यांनी गल्लीत कोंबडी तळायचं दुकान टाकलं. तसं कितीतरी जणांनी टाकलं, गल्लोगल्ली. हा कॉलेजातून आला की कढईवर उभा राहायचा आणि रात्री तिथेच पुस्तक उघडून बसायचा. अजूनही सुट्टीत गेला की वडिलांना बाजूला बसवतो आणि झारा हातात घेतो.

"हे मला आधी का नाही सांगितलं?" कारभारींनी विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठे, नाना? तुम्ही देव कोणता, जात असते का, एवढंच विचारलंत."

कारभारींनी झारा कढईच्या काठावर आपटून तेल झटकलं. मग वाल्मीककडे न बघताच म्हणाले, "याला दुसरी कढई लावून दे." वाल्मीक थक्क झाला. रविवारच्या दिवशी त्या भट्टीवर खुद्द कारभारींच्या मेहुण्याला उभं राहू दिलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कारभारी हेकट होते, पण तळणाच्या बाबतीत त्यांची जिज्ञासा लहान मुलासारखी होती. नव्वदच्या सुमारास एका मद्रासी ट्रकवाल्याने त्यांना चिकन सिक्स्टी-फाइव्ह शिकवलं होतं, दह्यात आणि लाल मिरचीत मुरवून, वर कढीपत्ता तळून. तो पासष्टचा आकडा कशाचा, हे विचारलं तर दर ट्रकवाला नवीन गोष्ट सांगायचा, आणि कारभारी प्रत्येक गोष्ट खरी मानायचे. अमृतसरच्या सरदारजीकडून त्यांनी बेसनात ओवा चुरडून घालायचं उचललं होतं. द्राक्षाच्या गाडीबरोबर एकदा बंगळूरला गेले तेव्हा एका अमेरिकन कंपनीच्या दुकानात शिरले होते. तिथली कोंबडी सालीसकट होती, ताकात भिजवल्यासारखी आंबूस, आणि वरचं कवच असं खडबडीत की झाडाची सालच. सुकं पीठ नुसतं दाबून दाबून लावतात, हे त्यांनी बोटांनी चाचपून ओळखलं होतं. परत आल्यावर आठवडाभर ते तेच बोलत होते. मात्र खानावळीत त्यांनी काहीही बदललं नाही. दुसऱ्याचं देऊळ बघायचं, हात जोडायचे, पण आपला देव हलवायचा नाही, अशी त्यांची भक्ती होती.

तेजूनने कच्ची कोंबडी मागितली. शिजवलेली नको म्हटल्यावर कारभारींच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी कच्च्या तुकड्यांची परात पुढे सरकवली. त्याने तुकडे हातात घेऊन उलटेपालटे केले आणि साल कुठे गेली असं विचारलं. दुकानवाला पिसांबरोबरच साल ओढून काढतो, इकडे सगळे तशीच खातात, असं कारभारींनी सांगितलं.

"साल आम्ही फक्त दारच्या कोंबडीला राखतो," ते बोलून गेले. "हळद लावून जाळावर भाजतो, मग..." आणि त्यांनी जीभ चावली.

दारची म्हणजे काय, असं तेजूनने हिंदीत विचारलं. मोहिनीने नानांकडे बघितलं. तिने ते त्याला समजावून सांगितलं नाही, आणि कारभारी उगाचच जाळ वाढवू लागले.

तेजूनने तुकड्यांना मीठ, मिरी, आलं आणि लसूण चोळलं. त्यांच्याकडे बटाट्याचं पीठ वापरतात, इथे ते नव्हतं. वाल्मीक शेजारच्या चायनीजच्या गाडीवरून मक्याचं पीठ घेऊन आला. त्यात थोडं पाणी घालून तेजूनने इतकं पातळ आवरण दिलं, की आतला तुकडा दिसत होता. कारभारींच्या पिठाचा अंगरखा असायचा, ही नुसती मलमल होती. तेल फार तापू न देता त्याने तुकडे सोडले. रंग यायला लागला न लागला तोच त्याने झारा घातला आणि सगळे फिकट तुकडे बाहेर काढून चाळणीत टाकले.

कारभारींचा हात आपोआप पुढे आला. अर्धवट काढलेलं तळण आणि मोडलेली सोयरीक पुन्हा जुळत नाही, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. भटारखान्यात नवीन आलेल्या प्रत्येकाने ते ऐकलेलं. ते आत्ताही बोलले. वाल्मीक खाली बघू लागला. मोहिनीचा चेहरा उतरला, आणि तेजूनने तिला, ते काय म्हणाले, असं विचारलं. या खेपेला तिने सगळं सांगितलं, सोयरिकीसकट.

तेजून घाबरला नाही. त्याने चाळणी हळूच हलवली, तुकडे एकमेकांवर खुळखुळले. मग तो कारभारींना म्हणाला, "नाना, रुको. थोडा ठंडा होने दो. पहला अंदर के लिए, दूसरा बाहर के लिए."

पहिल्या तळणात आतलं मांस शिजतं. बाहेर काढून ठेवलं की आतलं पाणी हळूहळू वरच्या आवरणात येऊन बसतं. मग तेल चांगलं कडकडीत तापवायचं आणि पुन्हा सोडायचं, म्हणजे ते पाणी उडून जातं आणि वरचं कवच पातळ पण कडक राहतं. रस्सा लावला तरी मऊ पडत नाही. हे सगळं त्याने हातवारे करत, हिंदी-इंग्रजीची खिचडी करत सांगितलं, आणि मोहिनीने मध्ये मध्ये हात दिला. कारभारी ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आधी आतलं, मग बाहेरचं. म्हणजे आईचीच रीत की ही. ती आतलं पाण्यात शिजवायची, ही माणसं तेलात शिजवतात. तिच्या कोंबडीला पाणीच हवं होतं, यांच्या कोंबडीला तेल पुरतं.

त्यांना इतका आनंद झाला की पाहुण्याला पाहुण्यासारखं वागवायचं ते विसरून गेले. दुसरं तळण होईपर्यंत त्यांनी प्रश्नांचा सपाटा लावला. आणखी कुठे कुठे तळलेली खाल्लीस? तेजून कंपनीच्या कामाने जपानला राहून आला होता. तिथे मांडीचे छोटे छोटे तुकडे सोयाच्या पाण्यात आणि आल्यात मुरवतात, कोरड्या पिठात लोळवून तळतात, वर लिंबू. रस्सा नाही, मसाला नाही, चव सगळी आत. अमेरिकेत मसाला वरच्या पिठात आणि कवच जाड, कारण तुकडा मोठा, हाडासकट असतो आणि लांबून आलेल्या माणसाचं पोट भरायचं असतं. त्याच्या देशात हे तळण अमेरिकन सैनिकांकडून आलं असं म्हातारे सांगतात, पण त्यावर तिखट-गोड रस्सा चढवला तो तिथल्याच लोकांनी. कारभारींना हे फार पटलं. कोणी कुणाची कढई चोरत नाही, ज्याच्या त्याच्या घरची कोंबडी आणि भूक ठरवते, असं ते वाल्मीकला म्हणाले. वाल्मीकला काही कळलं नाही, पण मालक खुशीत आहेत एवढं कळलं.

तुकडे पुन्हा तेलात पडले तेव्हा आवाजच वेगळा आला, बारीक, कोरडा, टिपरीसारखा. कारभारी नुसत्या आवाजावर तळण ओळखणारे. त्यांनी कान दिला आणि मान डोलावली. तेजूनने आईच्या डब्यातला लाल गोळा थोडा गूळ आणि लसूण घालून परतला, तुकड्यांवर चोपडला आणि एक तुकडा त्यांच्यापुढे धरला. कारभारींनी चावा घेतला. कवच काचेसारखं मोडलं आणि आत रस होता, बॉयलर कोंबडीत इतकी वर्षं त्यांना कधी न सापडलेला. वरची चटणी म्हणजे ठेच्याला गुळाची आणि कसल्याशा जुन्या आंबटपणाची संगत. त्यांनी डोळे मिटले.

"लय झकास केलंस, पोरा," ते म्हणाले. खोटी स्तुती त्यांना येतच नव्हती.

जेवायला सगळे घरात बसले. मंगलाबाईंनी दोन्ही तऱ्हा ताटात वाढल्या, कारभारींची आणि तेजूनची. साखर-व्हिनेगरात टाकलेल्या मुळ्याच्या फोडी तेजूनने स्वतः केल्या होत्या. त्यांच्याकडे तळलेल्या कोंबडीबरोबर त्या हव्यातच. कारभारींची कोंबडी खाताना तो मध्येच थांबला आणि काळ्या मसाल्यात काय काय आहे ते विचारू लागला. दगडफुलाचं नाव त्याने तीनदा म्हणून घेतलं. अळणी पाणी, मग मसाल्याची जाड खमंग पुटं, मग आत मुरलेली हळद, यात एक घर आहे, असं तो म्हणाला. मोहिनीने ते नानांना मराठीत सांगितलं.

मग तेजूनने एक गोष्ट केली. ताटलीत उरलेली सगळ्यात मोठी तंगडी त्याने उचलली आणि दोन्ही हातांनी कारभारींच्या ताटात ठेवली.

सगळे थांबले. देवऱ्यांच्यात तंगडी आधी जावयाची, मग पाहुण्याची. ती कोणी घेत नाही, दिली जाते. लहानपणी कारभारींच्या वडिलांकडे पाहुणे यायचे, तंगड्या त्यांना जायच्या. पुढे तंगड्या गिऱ्हाइकांना गेल्या, मग मोहिनीला. त्यांच्या स्वतःच्या ताटात तंगडी पडली होती ती ते नवे जावई होते तेव्हा, सासूने वाढलेली. त्यानंतर कोणाच्या मनातही आलं नव्हतं. तळणाऱ्याच्या ताटात तंगडी येत नाही, हे सगळ्या जगात सारखंच असावं, कारण तेजून मोहिनीला काहीतरी सांगत होता. त्याच्या वडिलांनी दुकान काढल्यापासून कधी तंगडी खाल्ली नाही, ती गिऱ्हाइकाची. म्हणून हा घरी गेला की पहिली तंगडी वडिलांना देतो.

कारभारींनी तंगडी उचलली. खाल्ली.  हाड चोखून स्वच्छ केलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं.

तेवढ्यात तेजूनचा मोबाईल वाजला. त्याच्या आईचा फोन होता. तो त्यांच्या भाषेत हळू आवाजात बोलला, हसला, मग पुन्हा काहीतरी बोलला. मोहिनीला त्यांची भाषा थोडी समजायला लागली होती. ती आधी हसली आणि मग ताटाकडे बघत बसली.

काय म्हणाली आई, असं मंगलाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मोहिनी," कारभारी म्हणाले, "काय ते सांग."

मोहिनीने नाइलाजाने सांगितलं. "त्यांच्याकडे जावई पहिल्यांदा आला की सासू घरची अंडी घालणारी कोंबडी कापते. जुनी रीत आहे. आईने विचारलं, कापली का?"

"मग हा काय म्हणाला?"

"म्हणाला, नाही, आई. आज मी पाहुणा म्हणून आलोय. पण पोटभर जेवलो आणि माणसं चांगली आहेत."

घरोघरी मातीच्या चुली, एवढंच कारभारी कसंबसं म्हणाले आणि हात धुवायला उठले. त्या मुलाच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर त्यांना राग धरता आला असता. ती बाई तिकडे सातासमुद्रापार कोंबडीची चौकशी करत होती, म्हणजे तिला माहीत होतं. सासूच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय जावई जावई होत नाही, हे तिला माहीत होतं. आणि जिला हे माहीत आहे तिच्या घरात मोहिनी रडली, तर 'काय झालं' असं विचारायला भाषा लागणार नव्हती. ज्या रात्रींनी त्यांना झोपू दिलं नव्हतं, त्या सगळ्या रात्री एकदम फुकट गेल्यासारख्या वाटल्या, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने दोघं पुण्याला परतणार होती. तेजून ओसरीवर पेंगत होता आणि मोहिनी पिशवी भरत होती. कारभारी डोळे मिटून पडायला गेले, दोनदा कूस बदलली आणि उठून अंगणात आले. ऊन कलंडलं होतं, तरी कोंबड्या अजून मोकळ्या होत्या. एक उकिरड्यावर, एक पेरूच्या झाडाखाली, बाकीच्या कुंपणापलीकडे. कारभारींनी ओंजळभर बाजरी टाकली. कोंबड्या आल्या, पण हाताच्या अंतराबाहेर राहून दाणे टिपू लागल्या. ते एका पिवळीवर झेपावले. ती किंचाळून उडाली आणि त्यांच्या मुठीत एक पीस राहिलं. मग पांढरीमागे ते अंगणाच्या टोकाच्या गोठ्यापर्यंत धावले, पाय घसरला आणि शेणात बसले.

मोकळी गावठी कोंबडी दिवसा माणसाच्या हाती लागत नाही, हे नामपूरचं शेंबडं पोरही सांगेल. कोंबडी कापायची असली तर सकाळी खुराडं उघडायच्या आधीच ती वेगळी काढून ठेवावी लागते, नाही तर अंधार पडायची वाट बघावी लागते. अंधार पडेपर्यंत गाडी सुटणार होती. सकाळी हात लावायचा नाही असं आपणच बजावलं, हे आठवून कारभारींना स्वतःचा इतका राग आला की ते शेणातून उठलेच नाहीत.

मंगलाबाई मागच्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. नवऱ्याच्या धोतराकडे आणि मुठीतल्या पिसाकडे त्यांनी नीट बघून घेतलं.

"लाल कोंबडी डालगाखाले शे," त्या म्हणाल्या. "सकायपाइन."

कारभारींना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "ती तर खुडूक हाय ना?"

मंगलाबाईंनी ओच्यातून अंडं काढून दाखवलं. डालग्याखाली त्या लाल कोंबडीने आज सकाळीच घातलेलं. अंडी देणारी, सगळ्यांत लाडकी, त्यांच्या हातावरचे दाणे टिपणारी. 'बघू' म्हणजे नाही, हे मोहिनीला पाठ होतं, पण नवऱ्याचं 'नाही' किती वेळ टिकतं हे त्या बाईला त्याहून चांगलं माहीत होतं. त्या डालग्यापाशी गेल्या, वरचा दगड उचलला आणि डोळ्यांना पदर लावला. कोंबडीसाठी की मुलीसाठी, हे कारभारींनी विचारलं नाही.

ते उठले, धोतर झटकलं आणि घराकडे तोंड करून मोहिनीला हाक मारली. पिशवी राहू दे, उद्या पहाटेच्या गाडीने जा, असं सांगितलं. ती दारात येऊन उभी राहिली. आईच्या हातातली लाल कोंबडी तिने पाहिली आणि चौकट घट्ट धरली.

"त्याला उठव," कारभारी म्हणाले. "म्हणावं, आईला फोन लाव आणि सांग, कोंबडी कापली. आणि त्याला हेही सांग, ही सालीसकट असते, पण ही आधी शिजवायची. यात मी त्याचं ऐकणार नाय."